हँडल जड होईपर्यंत

मूळच्या नागपूरच्या, आता पुण्यात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "नागपूरच्या महाल भागात आजोळी मे महिन्यात पॉटचं आइस्क्रीम व्हायचं. आज कितीही महागाचं आणलं तरी तसं लागत नाही. ती चव खरंच वेगळी होती, की लहानपण गोड होतं म्हणून तसं वाटतं? आणि कुल्फी, कसाटा, बर्फाची कांडी हे सगळं मुळात आलं कुठून?"

ताई, चव खरंच वेगळी होती. आठवणीचा वाटा त्यात आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. मी बारा वर्षांचा असल्यापासून पॉटचं, म्हणजे बर्फ-मिठाच्या बादलीत बसवलेल्या डब्याचं, हँडल फिरवतो आहे. महालातच बाबांचं लहानसं दुकान होतं. उन्हाळ्यात आइस्क्रीम आणि कुल्फी, हिवाळ्यात रबडी आणि कढईतलं गरम दूध. पुढे यंत्रं आली, फ्रीझर आले, लग्नांच्या मोठमोठ्या ऑर्डरी आल्या. चाळीस वर्षांत हाताचं आणि यंत्राचं, दोन्ही आइस्क्रीम भरपूर केलं. त्यामुळे आजोळची ती चव कशाकशात होती हे तुम्हाला बोट ठेवून सांगता येईल. त्यातली बरीचशी परतही आणता येते.

सगळ्यात मोठा फरक तापमानाचा. दुकानातलं आइस्क्रीम उणे १८ अंशांना किंवा त्याहून थंड ठेवलेलं असतं. पॉटमधून नुकतं निघालेलं आइस्क्रीम उणे ५-६ अंशांच्या आसपास असतं. या तापमानाला त्यातलं साधारण निम्मंच पाणी गोठलेलं असतं, बाकीचं साखर आणि दुधाच्या घट्ट रसाच्या रूपात बर्फाच्या बारीक कणांभोवती असतं. म्हणून चमचा सहज आत जातो आणि जिभेवर ठेवताच वेलची, आंबा, दूध सगळं एकदम कळतं. फार थंड पदार्थाने जीभ बधिर होते, गोडी कमी लागते, वासही उडत नाही. तुम्ही महागाचा डबा फ्रीझरमधून काढून लगेच खात असाल तर त्याची अर्धी चव तुमच्यापर्यंत पोचतच नाही. डबा दहा-पंधरा मिनिटं खालच्या कप्प्यात ठेवा, कडा मऊ झाल्या की वाढा. एवढं केलं तरी फरक कळेल.

दुसरी गोष्ट वेळ. आजोळी आइस्क्रीम सकाळी नव्हतं आणि रात्री उरत नव्हतं. संध्याकाळी झालं, गोणपाटात तासभर मुरलं आणि संपलं. आइस्क्रीमचा मऊपणा त्यातल्या बर्फाच्या कणांवर अवलंबून असतो. हे कण साधारण ५० मायक्रॉनपेक्षा मोठे झाले की जिभेला ते खरखरीत लागायला लागतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. कारखान्यातून निघताना आइस्क्रीम मऊच असतं. मग गाडी, दुकानाचा फ्रीझर, तुमची पिशवी, घरचा फ्रीज असा प्रवास होतो. दर वेळी ते थोडं वितळतं आणि पुन्हा गोठतं. लहान कण विरघळतात, मोठे कण त्यांचं पाणी घेऊन आणखी वाढतात. डब्याच्या झाकणाखाली बर्फाची पांढरी भुकटी दिसली की समजायचं, या आइस्क्रीमने प्रवासात त्रास काढला आहे. तुमच्या आजोळी प्रवास होता तो अंगणातून ओसरीपर्यंत.

तिसरी गोष्ट हवा. घुसळताना आइस्क्रीममध्ये हवा शिरते, आणि ती शिरायलाच हवी, नाहीतर दुधाचा दगड होईल. प्रश्न किती हवा हा आहे. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असलं पाहिजे. म्हणजे डब्यात जवळपास निम्मी हवा असली तरी ते नियमात बसतं. हाताने फिरवलेल्या पॉटमध्ये एवढी हवा मावत नाही, त्यामुळे ते जड, दाट असतं, हळू वितळतं. म्हणून मी ग्राहकांना नेहमी सांगतो, दोन डबे घेऊन हातावर तोला. लिटरवर जाऊ नका, ग्रॅम वाचा. त्याच जागी 'आइस्क्रीम' लिहिलं आहे की 'फ्रोझन डेझर्ट', तेही वाचा. आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची चरबी लागते. फ्रोझन डेझर्टमध्ये तिच्या जागी वनस्पती तेलाची चरबी चालते. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहतो तो बहुतेक तिच्यामुळे.

आणि चौथं दूध. आपल्या विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस आहे. लांब, चपट्या, तलवारीसारख्या मागे गेलेल्या शिंगांची. जनावर आकाराने मोठं नाही, दूधही मुऱ्हा जातीच्या म्हशीइतकं देत नाही, पण आपलं ऊन सोसतं आणि दुधाला चरबी भरपूर असते. म्हशीचं दूध ७ टक्क्यांच्या आसपास चरबीचं असतं. ते पाऊणपट आटवलं की मलई वेगळी विकत न आणताही दाटपणा येतो. तुमच्या आजीने कुठलं पुस्तक वाचून ते केलं नसेल. गवळी दारात यायचा, दूध चांगलं यायचं आणि चुलीवर ते सावकाश आटायचं. आटताना दुधातली साखर आणि प्रथिनं तापून जो खरपूस, मावेदार वास येतो तो कुठल्याही इसेन्समध्ये नाही. मी सगळे इसेन्स वापरून पाहिले आहेत, म्हणून हे ठामपणे लिहितो.

आता मूळ कुठलं ते. या सगळ्याच्या मुळाशी मीठ आहे. बर्फात मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खाली वितळायला लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या डब्यातून, म्हणजे आपल्या दुधातून, ओढून घेतो. नेमकं प्रमाण साधलं तर बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. नुसत्या बर्फात दुधाचा डबा दिवसभर ठेवा, गोठणार नाही. मूठमूठ जाडं मीठ टाकत गेलात की अर्ध्या तासात गोठतो. लहानपणी मला ही जादू वाटायची, अजूनही ती पूर्ण उतरलेली नाही.

मिठाच्या आधी शोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार, होता. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत पाणी गार करण्याची रीत दिली आहे: शेरभर पाणी चांदीच्या किंवा तशाच दुसऱ्या धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचं, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकायचा आणि त्यात सुरई पाव तास फिरवत राहायची. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. त्याने पाणी गार होतं, गोठत मात्र नाही. पण डबा बाहेरच्या गार द्रावणात फिरवत राहायचा हे तंत्र पाहा, आपल्या पॉटचंच आहे. पुढे १५८६ पासून, दरबार पंजाबात गेल्यावर, डोंगरातला बर्फ लाहोरला येऊ लागल्याचंही त्यात नमूद आहे. कुल्फी या मुघली परंपरेतली. शब्द फारसीतला, अर्थ झाकणाचं पात्र. आपल्या 'कुलूप'शी त्याचं नातं सांगतात, आणि ज्याने कुल्फीचे साचे भरले आहेत त्याला ते लगेच पटतं. आमच्याकडे टिनचे निमुळते साचे होते. झाकण लावून सांध्यावर कणकेचा पट्टा दाबायचा, मग माठात बर्फ-मिठाच्या थरांत साचे खोचायचे. मटका कुल्फीतला मटका तो हाच. वाढताना साचा दोन तळव्यांत फिरवायचा, कुल्फी सुटून खाली येते.

कुल्फी घुसळत नाहीत, हा तिचा आणि आइस्क्रीमचा खरा फरक. घुसळत नसल्यामुळे बर्फाचे कण मोडायला कोणी नसतं, म्हणून दूध निम्म्याहून खाली आटवून पाणीच कमी करावं लागतं. कमी आटवलं तर कुल्फीत बर्फाच्या सुया लागतात. फार आटवलं तर दुधातली साखर दाणे धरते आणि कुल्फी वाळूसारखी कचकचते. एक लिटरचं साधारण चारशे मिलिलिटर, इथे मी थांबतो. वर चारोळी, ती गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातली मिळाली तर उत्तम.

बर्फ आपल्याकडे मुबलक झाला तो फार उशिरा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला. निघाला तेव्हा तो १८० टन होता. चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून त्यातला १०० टनांच्या आसपास पोचला. मुंबई, मद्रासलाही मग बर्फघरं झाली. आमच्या दुकानात बर्फाची लादी यायची ती भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली. बोस्टनच्या माणसाचंच तंत्र आमच्या ओसरीवर चालू होतं, हे मला फार उशिरा कळलं. हँडलचा पॉटही अमेरिकेचा. नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा डबा, त्यात फिरणारा पंखा आणि वर हँडल. आजही मूळ रचना तीच आहे. पावणेदोनशे वर्षांत बदलण्यासारखं कोणाला काही सापडलं नाही, एवढी ती नेमकी होती.

नागपूरकरांसाठी आइस्क्रीमचं नाव म्हणजे दिनशॉज. १९३२ पासूनची पारशी बंधूंची ही कंपनी, दुधाच्या धंद्यातून आइस्क्रीममध्ये आलेली. या शहरात पारशी कुटुंबं जुनी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ मध्येच सुरू झाली होती. आम्ही हाताने करणारे होतो, तरी दिनशॉजच्या कसाट्याबद्दल बाबांच्या मनात कधी आकस नव्हता. पाहुणे आले की ते स्वतः आम्हाला सीताबर्डीच्या बाजारात पाठवून कसाटा मागवायचे. लग्नात कसाटा असला म्हणजे पंगत भारी, असा तो काळ होता.

कसाटा मूळ सिसिलीचा, आणि तिथे तो गोठवलेला नसतोच. स्पंज केक, रिकोटा हे ताजं चीज आणि साखरेत मुरवलेली फळं असा तो केक आहे. त्याचा गोठवलेला भाऊही इटलीतलाच, आणि आपला अर्धचंद्राचा तुकडा या भावाच्या वंशातला: तीन रंगांचे थर, तळाशी केकची पट्टी, कडेला सुक्यामेव्याचा चुरा. त्यातली टुटीफ्रुटी इटालियन नावाची, 'सगळी फळं' या अर्थाची. आपल्याकडे मात्र ती बहुतेक कच्च्या पपईची असते. पपईचे तुकडे पाकात मुरवून लाल, हिरवे, पिवळे रंगवलेले. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पाकात मुरवलेली पपई गोठवली तरी दाताखाली कडक होत नाही; ताज्या फळाचा तुकडा मात्र कडक होतो, कारण त्यातलं पाणी गोठतं. आइस्क्रीमसाठी ती अगदी योग्य आहे.

कोनाबद्दल थोडक्यात: इटालो मार्चिओनी यांनी १९०३ मध्ये साच्याचं पेटंट घेतलं आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेनंतर तो जगभर गेला. कांडीची गोष्ट १९०५ ची. फ्रँक एपर्सन या अकरा वर्षांच्या मुलाने सरबताचा पेला, त्यातल्या ढवळायच्या काडीसकट, थंडीच्या रात्री बाहेर विसरला. सकाळी काडीला धरून उपसला. पेटंट त्याने मोठेपणी, १९२४ मध्ये घेतलं. आपल्याकडे सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून, भोंगा वाजवत कांडीवाला यायचा. ती कांडी चोखून रंग संपला की मागे कोरा बर्फ उरायचा आणि जिभेच्या टोकाला किंचित कडू लागायचं. तो कडवटपणा सॅकरिनचा. रस आधी निघून जातो, कारण गोठताना पाणी शुद्ध बर्फ होऊन बाजूला होतं आणि साखर-रंग कणांच्या फटीत जमतात. तुम्ही चोखून घ्यायच्या ते या फटींतलं. गोळ्याच्या गाडीवरच्या रंध्यावर किसलेल्या बर्फाला मात्र आज मी आधी विचारतो, पाणी कुठलं. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. पांढरा बर्फ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, पण निळसर दिसला तर नक्की दूर राहावं.

आता करायचं कसं. दोन लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या भांड्यात दीड लिटर होईपर्यंत आटवा. खाली लागू देऊ नका. करपलेला वास गोठवूनही जात नाही. त्यात २७० ग्रॅम साखर आणि वाटीभर ताजी साय घाला. साखर चाखताना थोडी जास्तच वाटली पाहिजे, थंडीत ती बरोबर लागते. आणि ती गोडीपुरती नसते, तिच्यामुळेच सगळं पाणी गोठत नाही. गोड कमी खाता म्हणून साखर निम्मी केलीत तर वीट तयार होईल. मिश्रण गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. रात्रभरात दुधाची चरबी घट्ट होते, प्रथिनं पाणी धरतात आणि दुसऱ्या दिवशी घुसळताना हवा छान टिकते. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी जीएमएस (ग्लिसेरिल मोनोस्टिअरेट) आणि सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) या पावडरींच्या पुड्या आल्या होत्या. पहिली चरबी आणि पाणी एकजीव ठेवते, दुसरी पाणी बांधून ठेवते. साठवायचं असेल तर त्यांचा उपयोग आहे. त्याच संध्याकाळी संपवणार असाल तर गरज नाही.

डबा दोन तृतीयांशच भरा. बर्फ सुपारीएवढा फोडा. वजनाने पाच भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, थरावर थर. पहिली पाच-सात मिनिटं हळू फिरवायचं. हाताला ओढ जाणवू लागली की वेग वाढवायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी हँडल जड होतं. आमच्याकडे वाड्यातले पोट्टे आळीपाळीने बसायचे, आणि शेवटी "आता नाही फिरून राहिलं, काका" असं कोणी म्हटलं की बाबा झाकण उघडायचे. हात सांगतो ते कुठल्याही घड्याळापेक्षा खरं असतं. उन्हाळ्यात हे दुपारी करू नका. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दिवसांत भर दुपारी बर्फ वाया जातो, मीठ वाया जातं आणि आइस्क्रीम रवाळ होतं. सडा मारून अंगण निवलं की पॉट बाहेर काढायचा, याला कारण होतं.

एक गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. लाकडी बादलीच्या वरच्या बाजूला, डब्याच्या झाकणाच्या खाली, एक भोक असतं. बर्फ वितळून झालेलं खारं पाणी तिथून निघून जातं. मी एकोणीस वर्षांचा असताना इतवारीतल्या एका लग्नाची ऑर्डर होती. बर्फाबरोबर आलेला भुसा मी नीट धुतला नाही, तो त्या भोकात अडकला. पाणी चढलं, झाकणाच्या फटीतून आत गेलं. बाबांनी चमचाभर चाखलं, काही न बोलता अख्खा डबा नालीत रिकामा केला आणि दुसऱ्या डब्याला बसले. पंगत पाऊण तास थांबली. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी मी त्या भोकात काडी घालून बघतो. तुम्हीही बघा, आणि झाकण उघडण्याआधी ते ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा.

तयार झालं की पंखा काढून घ्या. तो चाटण्याचा हक्क ज्याने शेवटची फेरी फिरवली त्याचा. मग डबा बंद करून पुन्हा बर्फ-मीठ भरा, या वेळी मीठ थोडं जास्त. वरून गोणपाट टाकून तासभर मुरू द्या.

शेवटी संत्र्याचं, कारण नागपूरच्या माणसाला ते करून बघावंसं वाटणारच. दुधात संत्र्याचा रस घातला की दूध फाटतं. रस आंबट आहे, त्याला इलाज नाही. इलाज वेळेचा आहे. मिश्रण आधी पूर्ण गार करा, पॉटमध्ये फिरवून लापशीइतकं दाट होऊ द्या आणि मगच बर्फासारखा गार रस धारेने सोडा. तोवर निम्मं काम झालेलं असतं, गुठळ्या धरायला दुधाला सवड मिळत नाही. रस आटवून घट्ट करायचा मोह टाळा. आपल्या संत्र्याचा रस तापवला किंवा नुसता ठेवला तरी कडू होत जातो, कारण बियांतलं आणि पांढऱ्या शिरांतलं लिमोनिन हळूहळू तयार होतं. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, हलक्या हाताने पिळायचं, मिक्सर लावायचा नाही. वास हवा असेल तर सालीचा फक्त केशरी भाग किसून आदल्या रात्री साखरेत चोळून ठेवा. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती यासाठी जास्त गोड. पुण्याला न्यायची असतील तर पेटी इथूनच घ्या, आणि ज्या दिवशी रस काढाल त्याच रात्री आइस्क्रीम संपवा. सकाळपर्यंत ठेवलंत तर तो कडवटपणा यायला लागतो.